तोंड मिटवण्याचं काम

१

विनीला दुपारी वरच्या खोलीत पाळण्यात ठेवलं, की मारिट आधी दाराबाहेर उभी राहून तिचा श्वास ऐकायची. मग स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बंद आहे ना ते पाहायची. मग स्वतःलाच हसत पुन्हा दाराशी येऊन श्वास ऐकायची. एवढं झालं म्हणजे कुठे ती गॅरेजला लागून असलेल्या मागच्या खोलीत कामाला बसायची.

त्या खोलीत चिखलाचे बूट, ओले कोट, घोड्यांची खोगिरं आणि कोपऱ्यात एक जाडजूड टेबल. टेबलाला बोल्टांनी आवळलेली लोखंडी प्रेस. ती तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली. बाकीच्यांनी टोस्टर दिले होते. तिचा नवरा डॅरल पाहुण्या शिकाऱ्यांना एल्क हरणांच्या मागावर डोंगरात घेऊन जायचा, आणि त्याची काडतुसं, पितळी नळीत दारू आणि गोळी घालून, मारिट घरी भरायची. डॅरलची बोटं जाड आणि धीर बेताचा. "रायफल माझी, काडतुसं तिची," असं तो कुणालाही सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही नवल वाटायचं नाही. मॉन्टानातल्या त्या दरीत निम्म्या घरांमध्ये असं एखादं टेबल होतंच.

आणि प्रत्येक टेबलाचा नियम एकच. कुणी भरायला बसलं, की खोलीत दुसरा आवाज नको. रेडिओ नको, फोन नको, गप्पा तर नकोतच. "दारू मोजताना आणि तोंड मिटवताना कान रिकामे पाहिजेत," मारिटचे वडील म्हणायचे, आणि पुढे काही स्पष्टीकरण द्यायचे नाहीत. मागच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला तर तिची सासू आर्लिस दार न वाजवता आपल्या पिकअपमध्ये बसून राहायची. दिवा मालवला की खाली उतरायची. एरवी ती बाई चर्चमध्येही गप्प बसत नसे.

मारिटनं हा नियम मोडला तो विनी झाल्यावर. बेबी मॉनिटर तिला प्रेसच्या शेजारी, हाताशी हवा होता. बाळाच्या खोलीतलं यंत्र ऐकायचं आणि हे टेबलावरचं यंत्र बोलायचं. त्याच्यावर हिरव्या दिव्यांची एक ओळ होती. विनी नुसता श्वास घेत असली तरी पहिला दिवा लुकलुकत राही. मारिटला त्या दिव्याकडे पाहिल्याशिवाय दारूचा तराजू नीट दिसायचा नाही. वडील असते तर काही बोलले नसते, फक्त मॉनिटरकडे पाहिलं असतं. पण ते नव्हते, आणि विनी होती.

२

डोंगरातून येताना डॅरलनं एक काडतूस खिशातून आणलं होतं. ते त्यानं जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीशेजारी उभं केलं.

"बघ. गोळी आत घुसलीय."

मारिटनं ते उचललं. खरंच, गोळी पितळी नळीत भलतीच आत दबली होती. डॅरलची रायफल लिव्हरची. तिच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक, नाकाला बूड लावून पडून असतात. एक बार झाला की मागच्यांना दणका बसतो. नळीचं तोंड गोळीभोवती नीट आवळलेलं नसेल तर गोळी दर दणक्याला आत आत जाते.

"क्रिंप सैल पडला," ती म्हणाली.

"मी म्हणत होतोच."

"तू काही म्हणत नव्हतास."

"मनात म्हणत होतो." तो हसला, आणि मग हसला नाही. "मारिट, या वर्षी अस्वलं खाली उतरलीत. परवा एक मादी माझ्यापासून इतक्या अंतरावर होती, की तिच्या तोंडाचा वास आला. त्या वेळी हे असलं काही नळकांड्यात अडकलं असतं ना..."

"पुढचं बोलू नकोस. मी करते नीट."

क्रिंप म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. गोळी बसवून झाली, की डाय, म्हणजे पोलादी साचा, प्रेसमध्ये अगदी थोडी खाली फिरवायची, ती हलू नये म्हणून चेकनट आवळायचा आणि दांडा खाली ओढायचा. काडतूस वर जातं, डायमध्ये शिरतं, आणि नळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत किंचित आत दुमडतं. कमी दुमडलं तर गोळी हलते. जास्त दुमडलं तर नळीची मान फुगते आणि काडतूस रायफलीत बसतच नाही. मधली जागा सापडेपर्यंत डाय फिरवायची, पाहायचं, नख लावायचं, पुन्हा फिरवायची. मारिट बाळंतपणापूर्वी तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मधली जागा शोधायला तिला आवडायचं. ती निदान काडतुसात तरी सापडायची.

त्या दुपारी तिनं डाय लावली, दोन-तीन नळ्यांवर करून पाहिली. छान जमलं होतं. पुढचं काडतूस ठेवलं, दांड्यावर हात टाकला, आणि मॉनिटरचे दिवे धडाधड लाल टोकापर्यंत चढले.

विनीचं रडणं सगळ्या घराला पाठ होतं. आधी एक लांब हेल, मग उचकी, मग त्याहून वर चढलेला दुसरा हेल. डॉक्टर म्हणाले होते पोटात वायू धरतो, तीन-चार महिन्यांत जाईल. चार महिने होऊन गेले होते.

मारिटचा हात दांड्यासकट खाली आला. अर्ध्यात सोडलं तर तोंड वेडंवाकडं होतं, म्हणून तिनं तो शेवटपर्यंत ओढला. दांडा तळाला टेकला आणि रडणं तुटलं. थांबलं नाही. हेलाच्या मध्येच कात्री लावल्यासारखं तुटलं.

ती धावली. विनी पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडली होती. गाल ओले. ओठ मिटलेले. छताकडे पाहत होती, शहाण्या माणसासारखी.

"झालं रडून?" मारिट म्हणाली. "एवढंच होतं?"

खाली आल्यावर तिनं ते काडतूस काढून पाहिलं. तोंड इतकं घट्ट मिटलं होतं की पितळेची कड दिसतच नव्हती. आधीच्या काडतुसांसारखी बारीक सोनेरी रेघ नाही. डाय तर तिनं हलवली नव्हती. तिनं नळ्यांची लांबी मोजली, कारण एखादी नळी लांब राहिली तर क्रिंप जास्त बसतो, हे तिला ठाऊक होतं. लांबी सारखी होती.

आपणच चिडून दांडा जोरात ओढला असेल. मारिटनं मान हलवली आणि काडतूस बाजूच्या डब्यात टाकलं.

३

दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच झालं. रडणं सुरू झालं, दांडा खाली गेला, रडणं तुटलं. वर विनी जागी आणि गप्प. डब्यात आणखी एक घट्ट तोंडाचं काडतूस.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडत नाही, हे मारिटनं कितीतरी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तेच तिनं स्वतःला शिकवलं. मग तिसऱ्या दिवशी तिनं काडतूस प्रेसवर ठेवलं, दांड्यावर हात ठेवला, आणि दांडा ओढला नाही. ती मॉनिटरकडे पाहत बसली.

आपण कशाची वाट पाहतोय, हे तिला नीट कळत होतं.

रडणं आलं. तिनं दांडा ओढला. शांतता झाली. आणि त्या शांततेत मारिट भिंतीला डोकं टेकून जी झोपली ती कोटांच्या, चामड्याच्या वासात तासभर झोपली. बाळ झाल्यापासून इतकी गाढ झोप तिला लागली नव्हती. जागी झाली तेव्हा अंगावर शरमेचा घाम होता, पण अंग हलकं झालं होतं.

पुढच्या काही दिवसांत डबा निम्मा भरला.

"काय केलंस गं हिला?" आर्लिसनं रविवारी विचारलं. विनी तिच्या मांडीवर गप्प बसली होती आणि आर्लिस एका हातानं हकलबेरीची पेस्ट्री खात होती. "मागल्या आठवड्यात माझा कान फाडला होता या भवानीनं. आज बघ, पाद्रीबाबांसारखी बसलीय."

"पोट बरं झालं असेल तिचं."

"असेल. डॅरल एवढा असताना मी त्याला घेऊन गुरांच्या गाडीत बसायचे. इंजिन सुरू ठेवायचं, की गप्प व्हायचा. पेट्रोलमध्ये वाढलाय तो." आर्लिसनं विनीची हनुवटी चिमटीत धरली. "हसत नाही पण. ए सुंदरी, दात नाहीत म्हणून लाजतेस? मलाही नाहीत, बघ."

विनीनं तिच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेलेच होते. मारिटला पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहावंसं वाटलं, आणि पाहिल्यावर तिनं हातातला घास बशीत परत ठेवला. ओठांची गुलाबी कड दिसत नव्हती. ती सगळी बाजूंनी, एकसारखी, आत दुमडली होती.

४

मारिटनं दवाखान्यात फोन लावला.

"रडत नाही?" नर्स म्हणाली. "बाई, मी इतकी वर्षं हा फोन उचलतेय. मूल रडत नाही म्हणून आलेला हा पहिलाच."

"हसतही नाही. उचकी नाही, ढेकर नाही. काही आवाजच नाही."

"दूध घेते?"

"घेते." झोपेत घ्यायची. जागेपणी ओठ उघडायची नाही. हे मारिट बोलली नाही, कारण ते बोललं की दुसरे प्रश्न आले असते, आणि तिला त्यांची उत्तरं माहीत होती.

"ताप? शी हिरवी होते? लंगोट ओले होतात ना? मग झालं तर. आणि तुम्ही? तुम्ही झोपता का नीट?"

"हल्ली झोपते."

"मग देवाचे आभार माना आणि झोपा."

फोन ठेवून मारिट बाळाच्या खोलीत गेली. मॉनिटर तिच्या हातातच होता. विनी झोपली होती, छाती वरखाली होत होती. पहिला हिरवा दिवा लागत नव्हता. तिनं यंत्राची बॅटरी बदलली. खोलीतल्या यंत्रासमोर चुटकी वाजवली, दिवा लागला. स्वतः श्वास सोडला, दिवा लागला. मग श्वास रोखून, वाकून, तिनं कान बाळाच्या नाकाशी नेला. गार-गरम, गार-गरम, हवा येत होती. दिवा लागत नव्हता.

त्या संध्याकाळी डॅरल काडतुसं पाहायला मागच्या खोलीत आला. चांगली काडतुसं ओळीनं मांडलेली होती. त्यानं ती पाहिलीही नाही. त्याचा हात थेट बाजूच्या डब्यात गेला.

"हे! याला म्हणतात क्रिंप. बाई गं, काय तोंड मिटलंयस. हत्तीनं लाथ मारली तरी हलायची नाही ही गोळी."

"ती नकोत. ती चुकलेली आहेत."

"चुकलेली?" त्यानं एक काडतूस रायफलीत घालून लिव्हर ओढली. ते लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. मान फुगलेली नव्हती. "बघ की. मापात बसतंय." त्यानं ते काढलं आणि सवयीनं कानाशी धरून हलवलं. दारू आत वाळूसारखी सळसळते, ते ऐकायची सवय सगळ्यांनाच असते. डॅरलच्या कपाळाला आठी पडली. त्यानं पुन्हा हलवलं.

"काय झालं?"

"काही नाही. यातली दारू लाजरी दिसतेय." त्यानं ते तिच्या कानाशी धरलं. "ऐक."

सळसळ नव्हती. काहीतरी ओलं, बारीक, आतल्या बाजूनं पितळेला लागून राहिलं होतं. हलवल्यावर ते सरकलं नाही. ते वाट पाहत थांबलं.

मारिटनं काडतूस त्याच्या हातातून घेतलं. "दारूला ओल लागली असेल. ती मी फोडते. तू ओळीतली ने."

"मला हीच हवीत. गुरुवारी निघतोय मी. ओळीतली सैल निघाली तर?"

"नाही निघणार."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

ते खरं होतं. मग डॅरलनं हात वर केले. "ठीक. टेबल तुझं. पण उद्या फोड, आणि जमलं तर तशीच नवी करून दे. मला जिवंत परत यायचंय गं. हिच्या पहिल्या दाताला मला इथं असायचंय."

५

दुसऱ्या दिवशी डॅरल घोड्यांना नाल मारायला गेला, आणि जे आयुष्यात कधी करणार नाही असं ती इतरांना सांगायची, ते मारिटनं केलं. तिनं विनीला मागच्या खोलीत आणलं. आधी टेबल पुसलं, जमीन पुसली, शिशाची धूळ म्हणून सगळं दोनदा पुसलं, दारूचे डबे कपाटात कुलपात ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले, शर्ट बदलला. मग झोळीच्या खुर्चीत बसवून विनीला टेबलापासून लांब, खोगिरांपाशी ठेवलं. डोळ्यांसमोर. वर बाळाची खोली रिकामी होती आणि तिथलं यंत्र चालू होतं. इथला मॉनिटर टेबलावर. दिवे सगळे विझलेले.

प्रयोग, ती मनाशी म्हणाली. एवढंच. एक काडतूस फोडायचं. आत दारू असेल. मग आपण आपल्याला मूर्ख म्हणायचं, आणि आनंदानं म्हणायचं.

चुकलेलं काडतूस फोडायला प्लास्टिकचा एक पोकळ हातोडा असतो. त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि हातोडा लाकडावर आपटायचा. झटक्यानं गोळी नळीतून निसटून आत पडते. साधा क्रिंप दोन ठोक्यांत सुटतो. हा सुटेना. मारिट आपटत राहिली. ठोक्यागणिक विनीच्या पापण्या मिटत होत्या आणि उघडत होत्या, बाकी ती हलत नव्हती. वारा गॅरेजच्या पत्र्याला धरून ओढत होता.

मग हातोड्यात काहीतरी खळकन पडलं.

मॉनिटरचे दिवे लाल टोकापर्यंत चढले.

ते मधूनच सुरू झालं. हेलाची सुरुवात नव्हतीच. जिथं तुटलं होतं, त्याच उंचीवरून ते पुढं गेलं, उचकीला अडखळलं, आणि दुसऱ्या हेलावर चढलं. विनीचं रडणं. मारिटला ते हजारातून ओळखू आलं असतं.

खोगिरांपाशी विनी बसली होती. ओठ मिटलेले. मॉनिटरचा आवाज ऐकून तिनं मान फिरवली नाही. एवढं लहान मूल कुठल्याही आवाजाकडे मान फिरवतं. ती मारिटच्या हातातल्या हातोड्याकडे पाहत होती.

आवाज विरला. दिवे विझले. हातोड्यात गोळी होती, दारू होती, कोरडी, राखाडी, अगदी हवी तशी. मारिटनं ती बोटावर घेऊन पाहिली. मग नळीचं तोंड पाहिलं. सुटलेलं तोंड सरळ होत नाही, सुरकुतलेलं राहतं. ते तसंच होतं.

यंत्रात आवाज साठून राहत असेल. नवी यंत्रं काय काय करतात. ठोक्याच्या धक्क्यानं ते पुन्हा वाजलं असेल. तिनं हे मनात पूर्ण वाक्यांत, व्याकरण सांभाळून म्हटलं. आणि म्हणतानाच तिच्या छातीत कळ आली आणि शर्ट पुढून ओला झाला. दूध भरून आलं होतं. बाळ रडलं की येतं तसं. गेले कितीतरी दिवस, विनीला झोपेत पाजताना, ते असं भरून आलं नव्हतं. ओढून ओढून यायचं.

मारिटनं दुसरं काडतूस हातोड्यात घातलं.

६

डब्यातलं एकेक काडतूस तिनं फोडलं. प्रत्येक वेळी रडण्याचा उरलेला तुकडा वरच्या खोलीतून आला, आणि दर वेळी तो विरायला आधीपेक्षा जास्त वेळ लागला. मग दोन तुकड्यांच्या मध्ये श्वास ऐकू यायला लागला. मग तुकडे एकमेकांना जुळले. डबा रिकामा झाला तेव्हा वर एक मूल अखंड रडत होतं, भुकेलेलं, घसा बसत चाललेलं.

मारिटनं विनीला उचललं, मॉनिटर घेतला आणि जिना चढली. हा आवाज मॉनिटरमधून येतो की दारामागून, एवढंच तिला कळायला हवं होतं. वरच्या पायरीवर तिनं मॉनिटर बंद केला.

रडणं दारामागून येत होतं.

दार किंचित उघडं होतं. त्या फटीतून भिंत दिसत होती, खिडकीतलं पांढरं ऊन दिसत होतं, पाळण्याच्या कठड्याचे गज दिसत होते. गजांमागे पिवळं पांघरूण होतं. ते मारिटनं सकाळी घडी करून कोपऱ्यात ठेवलं होतं. आता ते पसरलेलं होतं, आणि मधोमध वर उचललं जात होतं, खाली पडत होतं. चिडलेल्या पायांनी लाथाडल्यासारखं. एकदा एक टाच दिसली. लाल, सुरकुतलेली, अगदी लहान.

तिनं पाऊल टाकलं. तेव्हा गळ्याशी काहीतरी आवळलं.

खांद्यावरच्या विनीनं तिची कॉलर मुठीत धरली होती. चार महिन्यांच्या मुलाची मूठ घट्ट असते, हे मारिटला माहीत होतं. ही तशी नव्हती. ही दांडा तळाला टेकल्यानंतरची घट्ट होती.

"सोड," मारिट कुजबुजली. "सोड, राणी. मी फक्त बघून येते."

विनीनं आपलं तोंड तिच्या मानेशी आणलं. ओठ गार होते. मारिटच्या अंगावर काटा आला, तोही आपल्याच मुलीच्या स्पर्शानं. मला काहीतरी झालंय. नर्सला सांगायला हवं. झोप पुरत नाही, म्हणावं, मला माझं मूल ओळखू येत नाही.

ती मागे सरकली, एकेक पायरी उतरली आणि मागच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली. दार लावून घेतलं. वरचं रडणं भिंतींतून येत राहिलं. शर्ट पोटापर्यंत भिजला होता.

७

पिकअपचा आवाज आला. मग डॅरलचे बूट स्वयंपाकघरात वाजले.

"मारिट? ए मारिट! अगं, ही केव्हाची रडतेय? बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतंय!"

तिला ओरडायचं होतं, वर जाऊ नकोस. की जा, लवकर जा? ती खुर्चीवरून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"आई कुठंय गं तुझी?" त्याचा आवाज जिना चढला. "आलो, आलो. बाबा आला बघ."

दार करकरलं. रडणं एकदम वर चढलं, अडखळलं, हुंदके होत होत उतरलं. मग थांबलं. तुटलं नाही. कुणी छातीशी धरल्यावर थांबतं, तसं थांबलं.

"हाय हाय, किती भिजलीस," डॅरल वर म्हणत होता, आणि त्याचा आवाज हसत होता. "कुठं गेला होता आवाज तुझा? तुझ्या आजीला वाटलं तू पाद्री झालीस. आं? बोल की. हां, असं. बोल."

आणि वर कुणीतरी बोललं. बाळं बोलतात तसं, ओलं, उघड्या ओठांचं, काहीबाही.

मारिटनं मांडीवर पाहिलं. तेच कपाळ. तीच भुवयांमधली पुसट लाल खूण. कानाची तीच दुमडलेली पाळी. तिनं हे सगळं कितीदा चुंबलं होतं. डोळे तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांत रुसवा नव्हता, भीती नव्हती. मारिट काय ठरवते याची वाट पाहणं, तेवढंच होतं.

डॅरलची पावलं जिन्यावर आली. हातात मूल असलं की तो टाच आधी टेकवून, जपून उतरतो. तसाच उतरत होता.

तिचं अंग तिच्या आधी ठरवून मोकळं झालं होतं. छाती दुखत होती, दूध गळत होतं, आणि ते सगळं दाराच्या दिशेनं ओढत होतं. आपलं मूल घ्यायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिनं कॉलरवरची मूठ सोडवायला घेतली. करंगळी उचलली. ती सुटली, आणि पुढचं बोट उचलेपर्यंत पुन्हा जागेवर बसली.

"मारिट? तिथं आहेस का? दिवा लागलाय तुझा." तो दाराबाहेर थांबला. इथल्या कुठल्याही माणसानं थांबावं तसा, दार न वाजवता. "काम चाललं असेल तर थांबतो मी. पण हिला भूक लागलीय गं."

दारापलीकडून विनी पुटपुटली.

"मी आले," मारिट म्हणाली. तिनं दोन्ही अंगठे त्या मुठीत घातले आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. "मी आले, बाळा."

ते ऐकून तिच्या मांडीवरचे ओठ हलले. आत दुमडलेली कड सावकाश बाहेर आली. ती सुरकुतलेली होती, पुन्हा कधीच सरळ न होणारी. आणि सराव नसल्यासारखं, ते तोंड उघडू लागलं.